दाखल क्रमांक ३११४

पुस्तकांवर बसून मी जाते. पुढे इलाही,
त्याच्या शेजारच्या सीटवर सांगाडा, दोरीनं बांधलेला,
कारण मागच्या वर्षी खराडीच्या वळणावर
त्याची एक बरगडी मोडली
आणि ती माझ्या पगारातून कापली गेली.

पहाटे चारला नऱ्ह्याहून निघायचं.
समिती अकराला येणार. तोवर
चार हजार दोनशे अठरा पुस्तकं
शिरूरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये अशी लावायची
की ती तिथंच जन्मली असं वाटावं.
जुन्या शिक्क्यावर लेबल, लेबलावर नवा शिक्का,
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर.
काही पुस्तकांवर आता पाच थर झालेत.
पहिलं पान पुठ्ठ्यासारखं,
बाकीची करकरीत.

घोलप सरही असतात कधी टेम्पोत, मांडीवर डबा.
दौंडला ते भूगोलाचे विभागप्रमुख, जेजुरीलाही.
पीएचडी मात्र एकच, आपल्या पुण्याच्या
दगडी इमारतीतली, सात वर्षं घासून मिळवलेली.
तासाचे पैसे दिवाळीनंतर, म्हणतात. कुठल्या, ते म्हणत नाहीत.

समिती भली असते.
ती कपाटांकडे बघते, कपाटं तिच्याकडे.
सांगाडा पाहून एकजण दरवेळी म्हणतो,
"यांना कुठंतरी भेटलोय!" सगळे हसतात.
मग मटण, शाल, नारळ,
गाडीच्या डिकीत कसलीशी पेटी, आंब्यांची म्हणे, जानेवारीत.

आधी तालुक्याला कारखाना लागायचा,
मग दूधसंघ, मग इंजिनिअरिंग.
आता विद्यापीठाशिवाय फ्लेक्स पुरा होत नाही.
अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी
सव्वाचार ते साडेचार
आवाजी मतदानानं सहा झाली.
तेवढ्या वेळात माझी पन्नास लेबलंही होत नाहीत.
संस्थापकांचा धाकटा, बारावीला तीनदा बसलेला,
त्याला आता 'माननीय कुलपती' म्हणायचं;
मला सवय नाही, मी अजून बबलू म्हणते, मनात.
रंगाऱ्यानं बोर्डावर 'महाविद्यालय' मुळातच पातळ रंगवलं होतं.
त्याला माहीत होतं.

तर शिरूर.
समिती जेवायला गेलेली, मी खोकी उघडत होते
आणि दारात एक मुलगी. प्रांजल थिटे, दुसरं वर्ष, भूगोल.
तिच्या हातात भूजलावरचं ते निळ्या बांधणीचं.
"मॅडम, घरी नेऊ? आठ दिवसांत आणून देते."
आठ दिवसांनी हे पुस्तक इंदापूरला असणार होतं,
दुसऱ्या नावानं.
मी तिला रागावणार होते.
ती म्हणाली, "पुण्याला नसतं पाठवलं घरच्यांनी.
हे निघालं म्हणून शिकतेय."
'हे' म्हणताना तिनं वर पत्र्याकडे बघितलं
आणि मी इतकी वर्षं कोणावर चिडत होते
ते क्षणभर आठवेना.

तारखेचा शिक्का गंजलेला. चाक फिरेना.
केसातली पिन घालून फिरवला.
मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर, रिकाम्या चौकटीत,
पहिली तारीख.

इंदापूरला चार हजार दोनशे सतरा.
समितीनं मोजली नाहीत. मी दोनदा मोजली.
रजिस्टरात लिहिलं : वाचनासाठी बाहेर.
ऑडिटरनं ते खोडून लिहिलं : गहाळ.
किंमत तीनशे चाळीस, माझ्याकडून वसूल.

शिरूरचा शिपाई परवा फोनवर सांगत होता,
"ती पोरगी दोनदा येऊन गेली, पुस्तक परत करायला.
कपाटं बघितली अन् गेली.
मी म्हणलं, ठेव इथं टेबलावर.
तर म्हणती, कुणाकडं ठेवू?"

उद्या पुन्हा शिरूर. तिसरं नाव, नवा शिक्का,
शाईची बाटली मी पिशवीत घेतलीय.
इलाही सांगाड्याला दोरी बांधतोय, गळ्याशी जरा सैल.
डावीकडचं कपाट, खालून दुसरा कप्पा :
३११३ नंतर मी फट ठेवणार आहे,
एका अंगठ्याएवढी.
पुस्तकं कलली तर
मध्ये वीट लावीन.